मिनिस्त्रोच्या बुद्धीला खाद्य

न्या फिदेलिनांच्या, म्हणजे फिदेलिनाबाईंच्या, तक्रारीतून कुणाच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी एकदा मांडून घेतलेलं बरं. निकाल त्यांच्या बाजूनं लागला असता तर त्यांना दुपारची झोप परत मिळणार होती. दॉन अनास्तासिओंना गुरांमागे धावायला एक आयता कुत्रा मिळणार होता. नगरपालिकेला एक बंद झालेली फाइल मिळणार होती, आणि आमच्या नगरपालिकेत बंद झालेली फाइल दिसली तर लोक टोपी काढून उभे राहतील. तोट्यात जाणारा माणूस एकच, दॉन लेआंद्रो ओवेलार. त्यांचा कुत्रा जाणार होता, आणि वर मॅद्रिदला राहणाऱ्या मुलीला तो का गेला हे तोंडानं सांगावं लागणार होतं.

कुत्रा मुळात मुलीचा, लूर्देसचा. तिनंच त्याचं नाव मिनिस्त्रो ठेवलं. पिल्लू असल्यापासून तो उशीवर बसून असायचा, कामाचं नाव काढलं की कान पाडायचा आणि ताट वाजलं की सगळ्यांच्या आधी हजर व्हायचा. त्यामुळे मंत्र्याची पदवी त्याला जास्त झाली असं कुणी म्हटलं नाही. रंग तांबूस, एक कान उभा, दुसरा राजीनामा दिल्यासारखा. आईकडून तो कुठला आणि बापाकडून कुठला, याचा पत्ता सबंध गावाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या दॉन लेआंद्रोंनाही लागला नव्हता.

आमच्या पाराग्वेतल्या या गावात दुपारी जेवणं उरकल्यावर जे सुरू होतं, त्याला नुसतं झोप म्हणणं म्हणजे अपमान आहे. दुकानांच्या फळ्या पडतात, चर्चची घंटा मुकी होते, चोरसुद्धा आपापल्या घरी हॅमॉकमध्ये असतात. अशा वेळी कुणाच्या दारावर थाप मारणं हे त्याच्या आईबापांचा उद्धार करण्याइतकंच वाईट. आणि नेमक्या याच वेळी मिनिस्त्रो भुंके. सकाळी नाही, संध्याकाळी नाही, रात्री चोर आला तरी नाही. दुपारी, सबंध गावात एकटाच जागा असताना.

भिंतीपलीकडे न्या फिदेलिना राहत. गावातल्या दोन पिढ्यांच्या बोटांवर पट्ट्या मारून त्यांना पियानो शिकवलेल्या, विधवा, ताठ कण्याच्या आणि त्याहून ताठ कानाच्या बाई. त्यांच्या अंगणातलं आंब्याचं झाड दॉन लेआंद्रोंच्या पत्र्यावर ओणवलेलं होतं. उन्हानं पिकलेला आंबा पत्र्यावर धाडकन पडे आणि मिनिस्त्रो त्याचा निषेध नोंदवी.

"दॉन लेआंद्रो," एक दिवस भिंतीवरून हाक आली, "तुमच्या मंत्र्यांचं अधिवेशन कालही झालं बरं का."

"आंबा पडला होता, न्या फिदेलिना. पत्र्यावर."

"आंबा एकदाच पडतो. त्यावर चर्चा किती वेळ चालावी?"

"राखण करतो हो बिचारा."

"कशाची? आंब्याची? आंबा माझा आहे!"

दॉन लेआंद्रो कचेरीतला माणूस. त्यांनी जरा विचार करून म्हटलं, "झाड तुमचं, पत्रा माझा. म्हणजे न्यायानं बघितलं तर आवाज अर्धाअर्धा धरायला हवा."

"आवाज सगळा तुम्हीच ठेवा. मला माझी झोप द्या. आणि भुंकतो तेही धड नाही! सुरुवात एका सुरात करतो आणि मधेच सोडून देतो. पुढचा सूर आता येईल, मग येईल, म्हणून मी छताकडे बघत पडून राहते."

शेजारधर्म म्हणून त्यांनी महिनाभर वाट बघितली आणि मग नगरपालिकेत अर्ज दिला. अर्ज मंजूर झाला तर कुत्रा गावाबाहेर हलवावा लागणार होता, आणि गावाबाहेर म्हणजे कुठे हेही ठरलेलं होतं. दॉन अनास्तासिओ म्हणजे लूर्देसचे धर्मपिता, म्हणून दॉन लेआंद्रोंचे कोम्पादरे. नदीपलीकडे त्यांची गुरं होती आणि गुरांमागे धावून कुत्रे लवकर झिजत.

"दे मला, कोम्पादरे," ते म्हणाले. "आठवड्यात माणूस करून दाखवतो."

"आमच्या घरात माणूस आहे एक," न्या सुनिल्दा, म्हणजे दॉन लेआंद्रोंच्या पत्नी, ताटं उचलता उचलता म्हणाल्या. "त्याचाच काही उपयोग नाही. कुत्रा आहे तसा राहू दे."

रविवारी लूर्देसचा फोन आला. दॉन लेआंद्रोंनी विषय टाळला, हवामान काढलं, मावशीचा गुडघा काढला. न्या सुनिल्दांनी फोन हातातून घेऊन दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं.

"पापा, तो वाईट नाहीये, कंटाळलाय!" लूर्देस म्हणाली. "मी होते तेव्हा दुपारभर त्याच्याशी खेळायचे. त्याच्या डोक्याला काम द्या. इथे कुत्र्यांना खाऊची कोडी देतात. डोकं चालवलं तरच खाऊ बाहेर येतो. तासभर गप्प बसतात."

"डोक्याला काम?" दॉन लेआंद्रो दुखावले. "एवढी वर्षं कचेरीत बसतोय, माझ्या डोक्याला कुणी काम दिलं का? मी भुंकतो?"

"झोपेत बडबडतोस," न्या सुनिल्दा म्हणाल्या.

मॅद्रिदहून सुट्टीवर येणाऱ्या एका नर्सच्या सामानातून ते कोडं आलं. निळ्या कडक प्लॅस्टिकचा चेंडू, त्याला एक भोक आणि पोटात भूलभुलय्या. बिस्किटाचे तुकडे आत भरायचे; चेंडू ठरावीक बाजूनं लोटला तरच एक तुकडा बाहेर पडे. कुत्र्याला देण्यापूर्वी आपण स्वतः खात्री करून घ्यावी, असं दॉन लेआंद्रोंना जबाबदार नागरिक या नात्यानं वाटलं. ते चेंडू घेऊन फरशीवर बसले. हलवला, उलटा केला, भोकात बोट घातलं. बोट अडकलं. साबण लावून ते सोडवेपर्यंत कॉफी निवली, आणि बिस्किटाचा तुकडा काही बाहेर आला नाही.

"राहू दे," न्या सुनिल्दा म्हणाल्या. "आधी त्याचं होऊ दे, मग तो तुला शिकवील."

मिनिस्त्रोला चेंडू दिला तेव्हा तो झडप घालेल असं वाटलं होतं. त्यानं तसं काही केलं नाही. तो समोर बसला. उभा कान एकीकडे, पडका कान दुसरीकडे. चेंडूभोवती एक फेरी मारली, वास घेतला, पुन्हा बसला. मग पंजानं हलकेच टिचकी मारली. तुकडा पडला. तो लगेच खाल्लाही नाही. आधी चेंडू कुठल्या बाजूला थांबला ते बघून घेतलं.

दॉन लेआंद्रो बघत राहिले. गावात जन्मलेल्या कित्येक माणसांची नावं त्यांच्या हातची होती, पण त्यांतलं कुणी इतकं सावकाश विचार करताना त्यांनी बघितलं नव्हतं. नगरसेवकांच्या नोंदीही त्यांनीच केल्या होत्या, म्हणून हे अनुभवाचे बोल.

दुपारी सगळं निजलं. मिनिस्त्रोनं चेंडू घेतला आणि घरभर त्याचा गडगडाट सुरू झाला. फरशी जुन्या पद्धतीची, खोल्या रिकाम्या, छत पत्र्याचं. कडक प्लॅस्टिक फरशीवरून लोळत जाई, भिंतीवर आपटे, परत येई. आंबा पडला तेव्हा तो कुणाला ऐकूसुद्धा आला नाही.

"दॉन लेआंद्रो!" संध्याकाळी भिंतीवरून आवाज आला. "आतापर्यंत नुसतं गाणं होतं. साथीला ढोल कधीपासून आला?"

मग सल्ले आले. आमच्या गल्लीत सल्ला मागावा लागत नाही. दार उघडं दिसलं की तो आपोआप आत येतो. औषधाच्या दुकानदारानं गादी अंथरायला सांगितली. गादीवर चेंडू लोळेना, म्हणून मिनिस्त्रोनं तो तोंडात धरून फरशीवर नेला. कुणी म्हणालं मोज्यात घाला. मोज्याच्या चिंध्या झाल्या. कुणी म्हणालं रजई. न्या सुनिल्दांच्या लग्नातली विणलेली चादर त्या दुपारी कामी आली, आणि त्यानंतर दोन जेवणं त्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

शेवटी तोडगा काढला तो दॉन अनास्तासिओंनी, आणि तोही स्वतःच्या नुकसानीचा. खुर्चीत रेलून तेरेरे पिता पिता ते म्हणाले, "प्लॅस्टिक वाजणारच. शिंग दे त्याला. शिंगाला आवाज नाही."

शिंग म्हणजे ग्वाम्पा. बैलाच्या शिंगाचा पेला. त्यात येर्बाची पानं भरायची, वरून बर्फाचं पाणी ओतायचं, धातूची नळी खोचायची आणि ओढायचं, की झाला तेरेरे. प्रत्येक घरात ग्वाम्पा असते, प्रत्येक कचेरीत, प्रत्येक बगलेत. दॉन लेआंद्रोंची एक जुनी, काठाला तडा गेलेली ग्वाम्पा फळीवर पडून होती. न्या सुनिल्दांनी तिच्या पार टोकात चीज ठासलं, वर चिपा ब्रेड चुरून दाबला आणि तोंडाला मक्याच्या सोललेल्या कणसाचा दांडा खोचला.

आणि दुसऱ्या दुपारी गल्लीत शांतता झाली.

इतकी की न्या फिदेलिना दचकून उठल्या आणि काय झालं म्हणून भिंतीपाशी येऊन कान देऊन गेल्या. इकडे लिंबाच्या झाडाखाली मिनिस्त्रो पोटावर पडून काम करत होता. दांडा त्यानं फोडला नाही. दाढेत धरून पिळत पिळत काढला आणि पुन्हा लागेल अशा बेतानं बाजूला ठेवला. ग्वाम्पा पंज्यांत उभी धरली, जीभ आत. जिभेला टोक लागेना, तेव्हा ती तिरकी करून जमिनीवर हळूच आपटली, अगदी मऊ मातीवर. आतला ऐवज थोडा सरकला. पुन्हा जीभ. आंबे पडत होते. त्यानं मान वर केली नाही.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण दॉन लेआंद्रो दाराच्या फटीमागे स्टुलावर बसून बघत होते. आपली झोप परत मिळावी म्हणून त्यांनी एवढा खटाटोप केला होता. आता झोप ताटात वाढून ठेवलेली होती आणि त्यांना ती नको होती. "आज त्यानं डावा पंजा वापरला," ते न्या सुनिल्दांना कुजबुजून सांगत. "आज दांडा काढायच्या आधी थांबला. विचार केला त्यानं, सुनिल्दा! मी बघितला विचार करताना!"

"झोपू दे मला," न्या सुनिल्दा म्हणत, आणि थोड्या वेळानं, "कुठला पंजा म्हणालास?"

जागरण दुपारचं असलं तरी जागरणच. सकाळी कचेरीत दॉन लेआंद्रोंच्या डोळ्यांवर झापड येऊ लागली, आणि तशातच त्यांनी एका नवजात मुलाच्या नावापुढे, ठसठशीत सरकारी अक्षरात, 'मिनिस्त्रो' असं लिहिलं. दुरुस्तीला कोर्टात जावं लागलं असतं. पण मुलाच्या बापानं नाव दोनदा मोठ्यानं वाचलं, छाती काढली, आणि तसंच राहू द्या म्हणाला.

न्या फिदेलिना मनानं कोत्या नव्हत्या. चार दिवस धड झोप झाल्यावर त्या स्वतः नगरपालिकेत तक्रार मागे घ्यायला गेल्या. आवाज-निरीक्षक ओहेदा हा त्यांचा जुना विद्यार्थी, त्यांना अजूनही माएस्त्रा, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणणारा. त्यांना बघताच त्यानं सवयीनं दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"माएस्त्रा, तक्रार अशी मागे घेता येत नाही," तो म्हणाला. "आधी ती खरी होती की खोटी, हे ठरायला हवं. खरी असेल, तर मागे का घेता? आणि खोटी असेल, तर केलीत का?"

"मग ठरव."

"मोजल्याशिवाय कसं ठरवू?"

"मग मोज!"

"मोजायचं यंत्र दुपारी एकला कपाटात परत जातं. कुत्रा भुंकतो एकनंतर. त्याला सकाळी भुंकायला सांगता येईल का?"

यंत्राला कचेरीच्या वेळेनंतर बाहेर राहायची परवानगी काढावी लागणार होती. माणसाला ती तोंडी मिळते. यंत्राला तीन सह्या लागतात. फाइल तशीच उघडी राहिली. कुणाला त्याची फारशी फिकीरही नव्हती, कारण गल्ली झोपत होती.

मग मिनिस्त्रोनं जो निष्कर्ष काढला, तो कुठल्याही विचारी प्राण्यानं काढला असता. ग्वाम्पेत चीज असतं. जगात ग्वाम्पा पुष्कळ आहेत. तस्मात्.

संध्याकाळी ऊन उतरलं की आमच्याकडे खुर्च्या दारात येतात. एक जण पाणी ओततो, ग्वाम्पा हातोहात फिरते, आणि मधल्या काळात ती खुर्चीच्या पायाशी टेकवली जाते. मिनिस्त्रो यायचा. कुणावर गुरगुरला नाही, कुणाला धक्का लावला नाही. नळी दातांत अलगद धरून आधी बाजूला ठेवायचा, जसा कणसाचा दांडा ठेवत असे, आणि मग ग्वाम्पा आपटून रिकामी करायचा. ओल्या येर्बाचा हिरवा ढीग फरशीवर पडायचा. त्यात चीज नाही हे बघून तो वर बघायचा, आणि तो जे बघायचा, त्यानं लोकांना जास्त राग यायचा. पाहुण्याला ताट वाढलं पण भाजीच वाढली नाही, तर पाहुणा जसं यजमानाकडे बघेल, तसं.

औषधवाल्याची ग्वाम्पा गेली. पाद्र्यांची गेली. दॉन अनास्तासिओंची, वडिलांपासून चालत आलेली, चांदीच्या काठाची, ती त्यांच्या गुडघ्यांमधून गेली. नळ्या सगळ्या लिंबाखाली सापडल्या, एका ओळीत मांडलेल्या.

"चोरी नाही म्हणता येणार," दॉन लेआंद्रो म्हणाले. आवाजात अभिमान डोकावू नये याची काळजी घेत होते, पण तो डोकावलाच. "बघा ना, प्रत्येक नळी शाबूत आहे. एकीलाही ओरखडा नाही."

"कोम्पादरे," दॉन अनास्तासिओ बोटानं आपल्या ग्वाम्पेतली लाळ पुसत म्हणाले, "मी दोरी आणून ठेवलीय."

यानंतर जे झालं ते दॉन लेआंद्रोंच्या जिव्हारी लागलं. ते दिसले की गल्लीतल्या ग्वाम्पा आत जाऊ लागल्या. ते कोपऱ्यावरच्या घोळक्याजवळ गेले की एकदम कुणाचीच तहान उरत नसे. कचेरीतही शिपायानं पाणी ओतताना त्यांना वगळून ग्वाम्पा पुढे दिली, आणि त्यांच्या पायांमागे कुत्रा नाही ना, ते वाकून बघितलं. तेरेरेच्या फेरीतून गाळलेला माणूस आमच्याकडे कशातच धरला जात नाही.

आणि मग एका संध्याकाळी न्या फिदेलिनांच्या फाटकापाशी हिरवा ढीग पडलेला दिसला. ती ग्वाम्पा त्यांच्या कैलासवासी यजमानांची होती.

"होऊ दे मापन," त्या म्हणाल्या. "आता होऊनच जाऊ दे."

यंत्राच्या तिन्ही सह्या झाल्या. मापनाच्या दुपारी दॉन लेआंद्रोंच्या अंगणात लिंबाखाली खुर्च्या मांडल्या गेल्या: तक्रारदार म्हणून न्या फिदेलिना, यजमान नवराबायको, फाटकाबाहेर ट्रक लावून आणि दोरी मांडीवर घेऊन दॉन अनास्तासिओ, आणि स्वतःची झोप मोडून आलेला, त्यामुळे सगळ्या जगावर नाराज असलेला ओहेदा. त्यानं एका हातानं यंत्र तिपाईवर ठेवलं. दुसऱ्या हातात बर्फाच्या पाण्याचा थर्मास होता आणि बगलेत ग्वाम्पा. काळ्या शिंगाची, आरशासारखी घासलेली, सासऱ्यानं दिलेली, वर नावाची अक्षरं.

"ती आत ठेवते मी," न्या सुनिल्दा घाईघाईनं म्हणाल्या.

"बाई, सरकारी काम चालू आहे," ओहेदा म्हणाला. "कुत्र्याला भिऊन तेरेरे सोडला असं गावात झालं, तर उद्या मला कोण भिईल? आणि मला जागं राहायचंय. नियम ऐका. कुत्र्याला खेळणं द्यायचं नाही, बांधायचं नाही, दटावायचं नाही. नेहमीसारखा राहू दे. एकदा जरी काटा लाल रेघेपलीकडे गेला, तरी माझा नाइलाज आहे."

मिनिस्त्रो उशीवर बसला होता, रिकाम्या पंज्यांनी, कंटाळायला पूर्ण मोकळा. रविवारी फोन येणार होता.

ओहेदानं पाणी ओतलं. ग्वाम्पा फिरू लागली: दॉन अनास्तासिओ, न्या सुनिल्दा, बऱ्याच दिवसांनी दॉन लेआंद्रो, आणि मग न्या फिदेलिना. मिनिस्त्रो उठला आणि खुर्च्यांच्या गोलात, जिथे एका खुर्चीची जागा मोकळी होती, तिथे येऊन बसला. ग्वाम्पा जाईल तिकडे त्याची मान जाई. त्याची पाळी दर वेळी चुकत होती, पण तो रीतीनं थांबून होता.

धाडकन आंबा पडला. सगळे जागच्या जागी थिजले. काटा उडी मारून खाली आला.

"तो आंबा," दॉन लेआंद्रो पुटपुटले. "आंबा कुणाचा ते आधीच ठरलंय."

मिनिस्त्रोनं कानसुद्धा हलवला नाही. ग्वाम्पा त्या वेळी दॉन अनास्तासिओंकडे होती आणि तो हिशेब करत होता.

ऊन चढलं. पानं हलेनाशी झाली. ग्वाम्पा पुन्हा न्या फिदेलिनांकडे आली आणि तिथेच थांबली. ओहेदानं हात पुढे केला, वाट बघितली, मग नीट बघितलं. माएस्त्रांची मान खुर्चीच्या पाठीवर टेकली होती, ग्वाम्पा मांडीवर सैल बोटांत होती. आणि मग एक आवाज निघाला; खर्जातला, भरदार, चढत जाणारा आणि शेवटाला शिट्टीवर संपणारा.

काटा लाल रेघ ओलांडून गेला.

दॉन लेआंद्रो ओहेदाच्या कानाशी लागले. "नोंद करा ना. आवाज मर्यादेबाहेर. उगम: तक्रारदार."

"माझ्या बोटांवर पट्टी मारलीय त्यांनी," ओहेदा कुजबुजला. "तुम्ही लिहा. अक्षर तुमचं चांगलं आहे."

"मग उठवा त्यांना."

"वामकुक्षीतून? त्यांना? मी?"

आणखी एक आंबा पडला, अगदी त्यांच्या जवळच्या पत्र्यावर. घोरण्याची लय तिळभर चुकली नाही. दॉन अनास्तासिओंनी दोरी मांडीवरून खाली ठेवली.

तेवढ्यात मिनिस्त्रो उठला. पाहुणीनं फारच वेळ लावला होता.

ओहेदानं ते बघितलं आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. ग्वाम्पा त्याची होती. ओरडावं, तर माएस्त्रा उठणार, आणि फाइलमध्ये लिहावं लागणार की सरकारी निरीक्षकानं तक्रारदाराची झोपमोड केली. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

मिनिस्त्रो पावलं न वाजवता आला. आधी नळी. समोरच्या दोन दातांत धरून, येर्बातून सरळ वर, ग्वाम्पेच्या काठाला जराही न लावता. ती अंगणातल्या फरशीवर ठेवली असती तर खणकन वाजली असती. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, उशीपर्यंत चालत गेला आणि ती उशीवर ठेवली. परत आला. आता बोटं. चार सैल बोटं आणि अंगठा. त्यानं ग्वाम्पा ओढली नाही. नाकानं एक एक बोट खालून उचललं, जसं एखादी मास्तरीण पियानोवर विद्यार्थ्याचं बोट उचलून योग्य पट्टीवर ठेवते, आणि पाचवं सुटल्यावर ग्वाम्पा दातांत घेतली. न्या फिदेलिनांनी रिकाम्या हातानं मांडीवर दोन सूर वाजवले आणि झोपेतच हसल्या.

काट्यानं, घोरण्याचा चढउतार सोडला, तर काहीही दाखवलं नाही.

"देवा रे," ओहेदा ओठांनीच म्हणाला. आपली सासुरवाडीची ग्वाम्पा डोळ्यांदेखत मऊ मातीवर आपटली जातेय हे तो विसरला होता. "पुन्हा करील का तो?"

"रोज करतो," दॉन लेआंद्रो कुजबुजले. "कधीकधी डावा पंजाही वापरतो."

मिनिस्त्रोनं ग्वाम्पेत बघितलं. चीज नव्हतं. तो अंगणातल्या सगळ्यांकडे एकदा बघून घेऊन, काठाला दात लावत, न्या फिदेलिनांच्या पायाशी आडवा झाला.

सावल्या लांबल्या तेव्हा त्या जाग्या झाल्या. "भुंकला?"

"नाही, माएस्त्रा. भुंकणं निरंक," ओहेदा म्हणाला आणि सहीला पेन काढलं.

"थांब." त्यांनी पायाशी बघितलं. तिथे तांबूस पाठ संथपणे वरखाली होत होती. "हा इथे कधीपासून आहे? यजमान गेल्यापासून मला अशी झोप लागलेली नाही." त्यांनी केस सारखे केले. "दॉन लेआंद्रो, उद्यापासून जेवणं झाली की याला माझ्याकडे पाठवा."

"पण न्या फिदेलिना, तो आमचा... दुपारी मी त्याला..."

"फाइल अजून उघडी आहे," त्या गोड आवाजात म्हणाल्या.

फाइल बंद झाली. मिनिस्त्रो गावात राहिला. रविवारी फोनवर लूर्देसला तो दाखवला तेव्हा ती रडली आणि तो जांभई देऊन झोपला. दॉन अनास्तासिओ मोकळा ट्रक घेऊन नदीपलीकडे गेले. ओहेदाच्या ग्वाम्पेचा काठ करवतीसारखा झाला, आणि सासरा जेवायला आला की ती कपाटात ठेवावी लागते.

न्या फिदेलिना रोज दुपारी ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमच्या लाकडी पेटीत, तिच्या छोट्या दारामागे, न्या सुनिल्दांनी पाठवलेलं चीज ठेवतात आणि ओसरीवर हॅमॉकमध्ये निजतात. पेटीच्या दाराला खिट्टी आहे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी खिट्टीला रिबीन बांधली. तिसऱ्यात पेटी पियानोच्या बाकात ठेवली.

हे आपल्याला ठाऊक आहे, कारण भर उन्हात दॉन लेआंद्रो बिअरच्या रिकाम्या क्रेटवर चढून भिंतीवरून बघत असतात. एकदा औषधवाल्यानं बघितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं की नोंदणी कचेरीतले दॉन लेआंद्रो दुपारी विधवेच्या ओसरीत डोकावतात. कुत्रा बघत होतो, असं त्यांनी सांगितलं. लोक म्हणाले, असं होय. न्या सुनिल्दांच्याही कानावर ते गेलं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्या दुसरा क्रेट घेऊन आल्या, तो पहिल्याशेजारी ठेवला आणि चढल्या.

"रिबीन सोडली?" त्यांनी विचारलं.

"गाठ बघतोय अजून. हळू बोल."

तेव्हा हिशेब असा लागतो. दुपारी आता आमची सबंध गल्ली झोपते, न्या फिदेलिना तर सगळ्यांत गाढ. न्या सुनिल्दांच्या घरचं चीज मिनिस्त्रो खातो आणि त्याबद्दल त्यानं आजवर कुणाला काही दिलेलं नाही. गल्लीच्या झोपेची किंमत पडली ती भिंतीवरून डोकावणाऱ्या या दोघांच्या अंगावर. आणि ते ती रोज, डोक्याला ओला रुमाल बांधून, हौसेनं भरतात.